घरात वेळू जाळत नाहीत

३ जुलै १९९४, रविवार

अप्पांना खोकला नेमका दुपारीच का येतो? याचं उत्तर मला देता येत नाही.

देता यायला हवं होतं. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास, आमच्या घरातली पहिली पदवीधर. सर्टिफिकेट फ्रेम करून पुढच्या खोलीत व्यंकटरमणाच्या शेजारी लावलं आहे. आई दोघांना एकाच उदबत्तीने ओवाळते. तरी एक साधा खोकला सुटत नाही. सकाळी अप्पा ठीक असतात, रात्रीही ठीक. दुपारी मी मागच्या खोलीत कामाला बसले की थोड्या वेळाने मधल्या खोलीतून सुरू.

बहुधा सारातली चिंच. आईला कमी घालायला सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या अप्पांनी जन्मभर हेच सार भातावर घेतलं, चिंचेला आत्ताच काय झालं.

रोजनिशी मराठीत लिहायची ठरवली आहे. हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून ही अक्षरं मला येतात. आई-अप्पांना फक्त तमिळ वाचता येतं. आम्ही तंजावरची मराठी माणसं: बोलतो मराठी, वाचतो तमिळ आणि भांडतो दोन्हीत.

५ जुलै

कामाबद्दल नीट लिहून ठेवते. नंतर माझाच गोंधळ नको.

ध्येय: गरिबातल्या गरीब मुलाच्या हातात बासरी. चांगली बासरी आमच्यासारख्यांच्या ऐपतीबाहेर गेली आहे. अप्पा रजिस्ट्रार ऑफिसात अटेंडर होते, चाळीस वर्षं भजनमठात बासरी वाजवत आले, पण त्यांची स्वतःची बासरी चिरलेली, दोरा गुंडाळलेली. तोही दोरा माझ्या परकराच्या नाडीचा.

मे महिन्यात ओरत्तनाडूहून वेंकूबाई आत्याच्या परसातला वेळू आणला. सळई लाल करून पहिलं भोक पाडत होते, तोच आई ओल्या हातांनी धावत आली. घरात वेळू जाळत नाहीत. वेळू जळतो तो एकाच दिवशी, म्हणाली, आणि ज्याच्यासाठी जळतो तो बघायला उठत नाही. मी तिला समजावलं की ही अंधश्रद्धा आहे, बांबू म्हणजे सेल्युलोज. ती म्हणाली, तुझं सेल्युलोज कावेरीकाठी नेऊन जाळ.

मग मला पाइप सुचला. वायरिंगचा पांढरा पाइप. आतून गुळगुळीत, सरळ, भेगा नाहीत, कीड नाही. गावात नवी घरं, एसटीडी बूथ, केबलवाल्यांची धांदल. तुकडे कुठेही पडलेले असतात, मागितले की देतात. आईला विचारलं, याला तरी हरकत नाही ना. तिने तुकडा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. म्हणाली, याला गोत्र नाही, जाळ.

विज्ञान आणि परंपरा यांचा असा मेळ क्वचितच बसतो.

६ जुलै

पाइप म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड. फायनलला याच्यावर दहा मार्कांचा प्रश्न होता, मला नऊ पडले. उपयोग अजून पाठ आहेत: नळ, रेनकोट, वायरचं आवरण. उपयोगांच्या पुढचं पान पोर्शनमध्ये नव्हतं.

पद्धत: रॉकेलचा स्टोव्ह, त्यावर सळई, पाइपवर खुणा, सळई टेकवायची. लोण्यात बोट जावं तशी जाते. धूर थोडा येतो, उग्र. डोळे चुरचुरतात. मी नाकाला ओला पंचा बांधते. अप्पांना त्याची गरज नाही, त्यांच्या नाकाला तपकिरीची सवय आहे.

अप्पा जवळ लागतातच, मधल्या खोलीतल्या खाटेवरून हाक मारली की येतात. भोक किती मोठं करायचं ते कानाने ठरतं आणि माझा कान अजून कच्चा आहे. म्हणून प्रत्येक बासरी गरम असतानाच ते फुंकून पाहतात. बोटाने दाखवतात, इथे अजून किंचित. मी पुन्हा सळई टेकवते. ते पुन्हा फुंकतात.

पलीकडची अलमेलु म्हणाली, तिच्या दिराकडे ड्रिल आहे, धूर नाही काही नाही. मी नम्रपणे नको म्हटलं. ड्रिलने भोक पडतं, बासरी होत नाही.

११ जुलै

अलमेलुशी कुरबुर. आमच्या मागच्या खिडकीखालची तिची मुल्लै, जुईची वेल, सुकली. पानं कडेने तपकिरी झाली, कळ्या न उमलताच गळल्या. भिंतीवरून म्हणाली, बी.एस्सी. अम्मा, तुमचा यज्ञ तुमच्या घरात ठेवा, माझ्या वेलीवर कशाला सोडता.

मावा पडला असणार. तरी शेजार आहे, मन मोठं ठेवायचं. खिडकी बंद केली. स्टोव्हची ज्योतही वाऱ्याने हलत होती, तेवढाच फायदा.

१९ जुलै

खोकला वाढला. आडी महिन्याचा वारा सुटला आहे, धूळ फार. उपाय म्हणून मधल्या खोलीची खिडकीही लावून घेतली. आता अप्पांना बाहेरची हवा अजिबात लागत नाही.

२७ जुलै

पापनाशमच्या शाळेत पहिली तुकडी पोचवली. प्रवासभर पिशवी मांडीवर. समोरच्या बाईने विचारलं, नळाचं काम करता का. मी म्हटलं, संगीताचं. ती खिडकीकडे सरकली.

पोरांनी बासऱ्या हिसकून घेतल्या. असा उत्साह मी पाहिला नव्हता. तिथल्या नंदिता टीचरना महिनाभराने अभिप्राय द्यायला सांगितलं.

संकल्प: पोंगलपर्यंत तालुक्यातली प्रत्येक शाळा.

९ ऑगस्ट

वेंकूबाई आत्या येऊन अप्पांना ओरत्तनाडूला घेऊन गेली. भावाची बरगडी न् बरगडी मोजता येते, काय खायला घालता गे, असं आईला विचारून गेली. आई दिवसभर भांडी आपटत होती.

काम अडलं. अप्पा नसताना केलेल्या बासऱ्या तीन वेगवेगळ्या गावच्या वाटतात.

१७ ऑगस्ट

आत्याचा निरोप, बसच्या कंडक्टरकरवी: तुझा बाप इथे देवळात सगळं भजन वाजवतो, मध्ये दम घेत नाही, दोन वेळा जेवतो, खोकला म्हणशील तर औषधालाही नाही.

याचा शास्त्रीय विचार केला. तंजावर आणि ओरत्तनाडू यांत फरक कशाचा? पाण्याचा.

२४ ऑगस्ट

अप्पा परतले. येताना मी सांगितल्याप्रमाणे आत्याच्या विहिरीचं पाणी कॅनभर आणलं. दुपारी आम्ही राहिलेल्या बासऱ्या जुळवायला बसलो. संध्याकाळपर्यंत त्यांना खाटेवर पडवेना, बसवेना. कॅन नीट धुतलेला नसावा.

६ सप्टेंबर

पापनाशमचा अभिप्राय. नंदिता टीचर म्हणाल्या, फार उपयोग होतो. मुलं त्यातून भाताचे दाणे फुंकतात, फळ्यावर नेम लागतो. एकाने हेडमास्तरांच्या मानेवर लावला. बाकीच्या बासऱ्या कपाटात कुलपात आहेत.

म्हणजे फुंकण्याचा सराव सुरू झाला आहे. सूर नंतर येईल.

१५ सप्टेंबर

किरकोळ नोंदी. मागच्या खोलीतल्या पाली दिसत नाहीत. आईची कात्री शिंक्याजवळ टांगलेली असते, ती गंजून मिटली, उघडत नाही. शिवणाच्या मशीनचं चाकही लाल झालं. समुद्र इतका जवळ नाही, तरी हवा खारट होत चालली असावी.

आई म्हणते, घराला दृष्ट लागली. मुलगी शिकली ती कुणाच्या तरी डोळ्यांत आली. तिने एक कोहळा आणून त्यावर राक्षसाचं तोंड काढून घेतलं, मोठे डोळे, लोंबती जीभ, आणि दारावर टांगला. मी विरोध केला. पदवीधराच्या दारावर हे शोभत नाही. अप्पा हसले, मग बराच वेळ खोकले.

राक्षस रस्त्याकडे पाठ करून आत बघतो. दोरीला पीळ पडला असेल. फिरवून ठेवला. संध्याकाळी पुन्हा आत बघत होता.

१३ ऑक्टोबर, सरस्वतीपूजा

आज हत्याराला हात लावायचा नाही. आईने देवघरापुढे सगळं मांडलं: तिची गंजकी कात्री, अप्पांची बासरी, माझी पुस्तकं, सर्टिफिकेट भिंतीवरून उतरवून. मी सळई घासून ठेवली. आईने तिलाही गंध लावलं.

अप्पा दिवसभर खोकले नाहीत. दुपारी गाढ झोपले, आवाजसुद्धा नाही, इतके की आईने दोनदा जाऊन छातीवर हात ठेवून पाहिला. देवीची कृपा, ती म्हणाली. मी म्हटलं, एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो.

१४ ऑक्टोबर, विजयादशमी

आज पूजेतलं उचलून थोडं तरी काम करायचं, तशी रीत. थोडं म्हणता म्हणता बरंच झालं. शुभ दिवस.

रात्री अप्पांसाठी उशांचा ढीग केला. बसून झोपतात.

८ नोव्हेंबर

पाऊस आणि वर दीपावलीच्या फटाक्यांचा धूर. आता कारण स्वच्छ आहे. अप्पांना डॉक्टर रामस्वामींकडे नेलं. त्यांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, जसं अप्पा बासरी ऐकतात. मग विचारलं, घरात काही जाळता का? लाकूड, गोवऱ्या, कचरा?

मी ताबडतोब उत्तर दिलं, नाही, आमच्या घरात वेळूसुद्धा जाळत नाहीत.

डॉक्टरांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, ही सांगते तसंच. ही केमिस्ट्रीची ग्रॅज्युएट आहे.

डॉक्टर म्हणाले, मग प्रश्नच नाही. सिरप दिलं, गोळ्या दिल्या, तपकीर बंद.

मलाही तपकिरीचाच संशय होता.

२१ नोव्हेंबर

भजनमठाचे कृष्णाजीमामा आले. राधाकल्याण जानेवारीत. राधेच्या गळ्यात मंगळसूत्र पडतं त्या क्षणी मृदंग, झांजा सगळ्यांवरून अप्पांची बासरी चढायची, तरुणपणापासूनची रीत. ती ऐकल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही. मामा म्हणाले, सांबशिवा, यंदा जमेल ना रे, नाहीतर कुंभकोणमहून माणूस बोलावतो.

अप्पा बोलण्याआधी मीच सांगितलं, जमेल, आणि माझ्या बासरीवर जमेल. मामांनी पाइपकडे पाहिलं. म्हणाले, देवाच्या लग्नात नळाचं काम नको. मग अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, बरं, पोरीची असेल तर असू दे.

४ डिसेंबर

अप्पांची शैली बदलते आहे. पूर्वी अख्खी ओळ एका दमात न्यायचे. आता अर्ध्यावर थांबतात, डोळे मिटतात, मग पुढची अर्धी. दोन सुरांमधल्या त्या शांततेत फार अर्थ आहे. हे तरुण वादकांना जमणार नाही.

काल तीन सुरांनंतर थांबले. अर्थ आणखी वाढला.

१२ डिसेंबर

मोठा शोध. अर्ध्या इंचाच्या पाइपची बासरी केली तर फुंकर निम्मी पुरते. म्हाताऱ्यांसाठी, अशक्तांसाठी. ही बाहेरच्या देशातही जाईल, आता सगळं उघडलं आहे. पण योग्य माप सापडायला पुष्कळ तुकडे वाया घालवावे लागतील. राधाकल्याणापर्यंत रोज दुपारी आणि सकाळीही बसायचं.

अप्पा म्हणाले, बसू या. आई म्हणाली, सकाळी तरी त्यांना सोड गे. मी म्हटलं, त्यांच्यासाठीच तर चाललं आहे.

२३ डिसेंबर

कोहळा गळून पडला. आतून त्याचं काळं पाणी झालं होतं. आईने नवा आणला नाही. दारात उभी राहून मागच्या खोलीकडे बघत होती, जसा तो बघायचा.

४ जानेवारी १९९५

झाली. आजवरची सर्वोत्तम. षड्ज शुद्ध, वरचा पंचम सहज. अप्पांनी बराच वेळ बोटांनी चाचपली, मग फुंकली आणि म्हणाले, कुठून तरी हवा गळते. मी पाण्यात बुडवून पाहिली, एक बुडबुडा नाही. पुन्हा त्यांच्या हातात दिली. पुन्हा तेच म्हणाले.

त्यांचा कानही आता थकला असावा.

८ जानेवारी, रविवार. राधाकल्याण

मठ भरलेला. अप्पांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं, खांद्यावर जरीकाठी अंगवस्त्र. माझी पांढरी बासरी हातात. शेजारच्या बायका म्हणाल्या, सांबशिवरावांची मुलगी, हिने स्वतः केली, डिग्री आहे. मी खाली बघितलं.

मंगळसूत्र उचललं. मृदंग चढला, झांजा चढल्या. कृष्णाजीमामांनी अप्पांकडे हात केला.

अप्पांनी बासरी ओठांना लावली. श्वास घेतला. तो आत गेला नाही. पुन्हा घेतला. छाती हलली, बासरीतून फक्त वारा आला, फुंकरीइतकाही नाही. मग खोकला. तो थांबेना. मृदंगवाला हात वर करून थांबला. पुजारी मंगळसूत्र धरून तसाच उभा. अख्ख्या मठात फक्त अप्पांचा खोकला होता.

शेवटी कुणीतरी पेटी वाजवली आणि लग्न लागलं. कुणी अक्षता टाकायला विसरलं, कुणी टाकल्या.

अप्पांनी बासरी माझ्या ओच्यात ठेवली. म्हणाले, तुझी चांगली आहे गे. गळती माझ्यात आहे.

९ जानेवारी

अलमेलु तांदळाची पातळ कंजी घेऊन आली, गरम, मिरे घातलेली. भांडायला नव्हती आली. अप्पांना चमच्याने पाजून झाल्यावर मागच्या दारात माझ्याजवळ थांबली. हळू म्हणाली, खिडकी उघडी होती तेव्हा माझी मुल्लै गेली. मी तुला बंद करायला सांगितली. तेव्हापासून मला झोप नाही, विनुता. आत काय आहे?

मी म्हटलं, मावा. ती रिकामं भांडं घेऊन गेली.

१० जानेवारी

आत्या अप्पांना घेऊन ओरत्तनाडूला गेली. आईही सोबत गेली. घरात मी एकटी.

कॉलेजची लिटमसची पुडी ट्रंकेत होती. निळा कागद ओला करून मधल्या खोलीत अप्पांच्या खाटेला चिकटवला, उशाशी. मागच्या खोलीत खिडकी बंद करून स्टोव्ह पेटवला. एका बासरीला जितकी भोकं लागतात तितकीच पाडली. नाकाला पंचा बांधला नाही.

कागद लाल झाला.

फर्स्ट इयरच्या पहिल्या प्रॅक्टिकलला हे असतं. मला दहापैकी दहा होते.

११ जानेवारी

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. पुन्हा केला. लाल.

१२ जानेवारी

कागद जुना असू शकतो, म्हणून स्टोव्ह न पेटवता एक लावला. निळाच राहिला. सकाळी उठून पाहिला. निळाच.

१५ जानेवारी, पोंगल

ओरत्तनाडूला गेले. अप्पा ओसरीवर ऊस सोलत होते, धापा टाकत, पण सोलत होते. मी शेजारी बसले आणि सांगितलं. त्यांनी ऊस खाली ठेवला नाही.

म्हणाले, वास मला येत होता. पहिल्या दिवसापासून. मी विचारलं, मग बोलला का नाहीत. ते म्हणाले, आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी डिग्रीचं काम करत बसलं होतं, त्याच्यामध्ये कसं बोलायचं. मला वाटलं, अभ्यासाचा वास असाच असेल.

मग उसाचं कांडं माझ्या हातात दिलं. मऊ आहे, म्हणाले, खा.

१९ जानेवारी

डॉक्टर रामस्वामींकडे एकटी गेले. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं: पाइप जाळत होतो, खिडकी बंद करून, जुलैपासून. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. म्हणाले, थोडा दम परत येईल, सगळा नाही. बासरी यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही.

२३ जानेवारी

राहिलेल्या बासऱ्या अलमेलुने नेल्या. नव्या वेलीला आधार म्हणून मातीत खोचल्या, खिडकीखाली रांगेने. वाऱ्याने त्या थोड्या तरी वाजतील असं मला वाटलं होतं. सकाळपासून वारा आहे. वाजत नाहीत.

खिडकी उघडी आहे. आई तीन दिवसांपूर्वी परतली. अप्पा पुढच्या आठवड्यात येतील.

परवा सळई घासून, गंध लावून देवघरापुढे ठेवली. शेजारी सर्टिफिकेट, भिंतीवरून उतरवून. आईने विचारलं, थै महिन्यात, पोंगलनंतर, कसली गे सरस्वतीपूजा. मी वाती पुढे केल्या, तिने निरांजन लावलं.

पूजेतलं दुसऱ्या दिवशी सकाळी उचलून कामाला लागायचं असतं. काल सकाळी मी उचललं नाही.